संश्लेषी जीवशास्त्र शाळांत आणि गावांत नेताना विद्यार्थी-संघाने काय करावे?

पुण्यातील पदवीच्या काही विद्यार्थ्यांनी आयजेम या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ उभारला आहे आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. प्रयोगशाळेतील काम सांभाळून संश्लेषी जीवशास्त्राचा परिचय शाळांना आणि गावांना कसा करून द्यावा, मुलांना दाखवण्यासाठी आपण तयार केलेले जीवाणू सोबत नेता येतील का, आणि बोलता बोलता जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाचा विषय निघाला तर काय उत्तर द्यावे. मी बरीच वर्षे अशा विद्यार्थी-संघांना मार्गदर्शन करत आले आहे. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : लोकांशी झालेल्या बोलण्यामुळे तुमचा प्रकल्प बदलू शकतो, ही शक्यता तुम्ही मनापासून मान्य केली आहे का? केली असेल तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. केली नसेल तर कितीही कार्यक्रम घेतले तरी ते केवळ प्रसिद्धीचे काम ठरते.

इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. पेशीतील जनुकांचे तुकडे हे सुटे, प्रमाणित भाग मानायचे, त्यांची नव्याने जुळणी करायची आणि पेशीकडून आपण ठरवलेले काम करून घ्यायचे, हा संश्लेषी जीवशास्त्राचा गाभा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जानेवारी २००३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या एका छोट्या अभ्यासक्रमातून आयजेमची सुरुवात झाली. २००४ मध्ये पाच संघांची पहिली स्पर्धा झाली. आता जगभरातून दरवर्षी तीनशेहून अधिक संघ उतरतात आणि २०२२ पासून अंतिम मेळावा पॅरिसमध्ये भरतो. आपल्याकडील पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी यांच्या संघांनीही तेथे काम मांडले आहे. या स्पर्धेत प्रयोगाइतकेच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला असते : तुमच्या कामाचा समाजावर काय परिणाम होईल आणि समाजाचा तुमच्या कामावर काय परिणाम झाला, याचा हिशेब संघाला द्यावा लागतो. शिक्षणासाठीचे पारितोषिक देतानाही किती मुले जमवली हे परीक्षक पाहत नाहीत. दोन्ही बाजूंनी शिकणे झाले का, आणि तुम्ही तयार केलेले साहित्य दुसऱ्या कोणाला वापरता येईल का, हे ते पाहतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत छोटे आहे, म्हणून ते आधी देते. नाही, जीवाणू सोबत नेता येणार नाहीत. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये केलेल्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव संस्थात्मक जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीखाली, ठरलेल्या बंदिस्त जागेतच हाताळायचे असतात. असे सजीव प्रयोगशाळेबाहेर सोडू नयेत, हा स्पर्धेचाही स्पष्ट नियम आहे. तुमचा ई. कोलाय हा जीवाणू निरुपद्रवी प्रयोगशाळेतील वाणाचा आहे, हे खरे असले तरी त्याच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळावर, बहुधा प्रतिजैविकाला दाद न देणारे एखादे जनुक आहे, आणि बंद डबी वर्गात फुटणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. हे कारण मुलांना जसेच्या तसे सांगा. आपण काय आणले नाही आणि का आणले नाही, हे सांगणे हाच जैवसुरक्षेचा उत्तम धडा असतो. जीवाणूंच्या हिरव्या चकाकणाऱ्या वसाहतींची छायाचित्रे आणि वाढीची चित्रफीत नेली की काम भागते. मुलांच्या बोटांचे ठसे पोषक माध्यमावर घेऊन जीवाणू वाढवण्याचा प्रयोग अनेक संघ करतात. तो करायचाच असेल तर ठसे घेतल्यावर ताटल्या चिकटपट्टीने बंद करा, पुन्हा कधीही उघडू नका, आणि नष्ट करण्यासाठी सगळ्या आपल्या प्रयोगशाळेत परत आणा.

आता शाळेविषयी. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात जैवतंत्रज्ञानाची ओळख आहे. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान अशी प्रकरणे आहेत. जाण्याआधी ती प्रकरणे संपूर्ण वाचा. मराठी माध्यमातील मुलांना प्रतिलेखन, भाषांतरण, विकर (एन्झाइम), प्रथिन, जनुक हे शब्द त्या पुस्तकातून माहीत असतात आणि तुम्ही मात्र महाविद्यालयात तेच सगळे इंग्रजीतून शिकलेले असता. संघातील प्रत्येकाने पाठ्यपुस्तकातील संज्ञा आत्मसात केल्याशिवाय वर्गात उभे राहू नये, असा माझा आग्रह असतो, कारण अनोळखी शब्द ऐकू आले की मुले विषय अवघड आहे असे धरून चालतात आणि प्रश्न विचारणे थांबवतात.

सुरुवात कोठून करावी? पावसाळ्यात जात असाल तर पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासापासून करा. तो वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या संयुगाचा असतो. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस गटातील जीवाणू ते तयार करतात, आणि आपले नाक त्याचा इतका सूक्ष्म अंश ओळखते की अब्जावधी कणांत त्याचे मोजके कण पुरेसे होतात. २००९ मध्ये बंगळुरूच्या सृष्टी या कला व रचना संस्थेतील विद्यार्थ्यांचा संघ आयजेममध्ये उतरला होता आणि त्यांनी ई. कोलायकडून हेच जिओस्मिन तयार करून घेण्याचे काम हाती घेतले होते. जीवशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या कलेच्या विद्यार्थ्यांनी हा विषय निवडला, हे वर्गात आवर्जून सांगा. जो वास प्रत्येक मुलाला ठाऊक आहे त्यामागे एक जीवाणू आहे, त्या जीवाणूत एक विकर आहे, त्या विकरामागे एक जनुक आहे, आणि ते जनुक दुसऱ्या जीवाणूत ठेवता येते, अशी साखळी दहा मिनिटांत उभी राहते. जीवाणू म्हणजे रोग, ही समजूतही तेथेच सैल होते.

त्यानंतर हाताने करण्याचे काम द्या. दह्याच्या निवळीचा पातळ थर काचपट्टीवर सुकवून, ज्योतीवरून फिरवून, मिथिलिन ब्ल्यूने रंगवला तर शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही मोठ्या विशालनावर दंडगोल जीवाणू दिसू शकतात. केळे किंवा कांदा यांतून डीएनए वेगळा करण्याचा प्रयोग सर्वत्र होतो. मीठ आणि भांड्याचा साबण घातलेल्या पाण्यात लगदा करायचा, गाळायचा आणि वरून थंडगार स्पिरिट अलगद सोडायचे. महाबळेश्वरकडच्या शाळेत जात असाल तर स्ट्रॉबेरी घ्या. लागवडीच्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे धागे भरपूर निघतात. मात्र वर तरंगणारा पांढरा पुंजका म्हणजे शुद्ध डीएनए नव्हे, त्यात प्रथिने आणि पेक्टिनही असते, हे सांगायला विसरू नका. वर्गात ज्योत आणि स्पिरिट एकाच वेळी बाहेर काढू नका.

माझ्या अनुभवात सर्वाधिक समज देणारा प्रयोग याहून साधा आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घ्या. लिंबाच्या रसात तो गडद गुलाबी होतो आणि सोड्याच्या द्रावणात हिरवा. मुलांना हे माहीतही असते. येथून एडिनबरो विद्यापीठाच्या २००६ च्या संघाकडे या. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. तपासणी खर्चिक आहे. या संघाने असा जीवाणू रचला की पाण्यात आर्सेनिक असले की तो आम्ल तयार करतो आणि द्रावणाचा सामू (पीएच) बदलतो. म्हणजे शेवटी दिसणारा बदल जास्वंदीसारखाच, फक्त त्याआधी आर्सेनिक ओळखणारा एक जनुकीय भाग जोडलेला. मग मुलांच्या गटांना सांगा : तुमच्या गावात काय ओळखायला हवे, ते ओळखल्याची खूण कोणाला आणि कशी दिसायला हवी, चुकीची खूण मिळाली तर काय बिघडेल. रंग हीच खूण का, यासाठी २००९ च्या केंब्रिज संघाचे उदाहरण द्या. त्यांनी डोळ्यांना थेट दिसणारे निरनिराळे रंग तयार करणारे जीवाणू घडवले आणि त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. या गटकार्याला अर्धा तास तरी ठेवा. त्यातून येणाऱ्या कल्पना लिहून घ्या, कारण विहिरीच्या पाण्याविषयी, दुधातील भेसळीविषयी किंवा फवारणीच्या अंशाविषयी ग्रामीण मुले जे प्रश्न मांडतात ते तुमच्या प्रयोगशाळेतील चर्चेत सहसा आलेले नसतात.

उपमांविषयी सावध राहा. जनुके म्हणजे ठोकळ्यांचा खेळ, ही उपमा या क्षेत्रात इतकी रुळली आहे की ती तपासलीच जात नाही. ठोकळे वाढत नाहीत, विभागत नाहीत, एकमेकांच्या वाट्याचे अन्न खात नाहीत. पेशी हे सगळे करते. जोडलेला भाग तिला ओझे वाटला तर काही पिढ्यांत उत्परिवर्तनाने तो निकामीही होतो. तुमचे स्वतःचे फसलेले क्लोनिंग, म्हणजे जनुक जीवाणूत घालण्याचा फसलेला प्रयत्न, मुलांना दाखवा आणि ते का फसले असावे याचा विचार त्यांनाच करू द्या. संश्लेषी जीवशास्त्र सर्व प्रश्न सोडवेल असे चित्र उभे करणाऱ्या सादरीकरणापेक्षा याने विज्ञानाविषयी अधिक विश्वास निर्माण होतो.

एकदाच दिलेल्या तासाचा परिणाम फार काळ टिकत नाही. टिकतो तो शिक्षकांमुळे. म्हणून मुलांआधी शिक्षकांना भेटा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला येणारे शिक्षक, जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा, मराठी विज्ञान परिषदेचे विभाग, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका, खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या परिसरात राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास भरणारे प्रदर्शन, अशा तयार वाटा आपल्याकडे आहेत आणि त्या सोडून स्वतःचा वेगळा मंच उभारण्यात संघाचे महिने वाया जातात. शिक्षकांना देण्याची पुस्तिका अशी लिहा की शाळेत मिळणाऱ्या साहित्यात आणि पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत तो प्रयोग तुमच्याशिवाय होईल. दोन शिक्षकांनी तो करून पाहिल्याशिवाय पुस्तिका छापू नका.

आता तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न. विदर्भात किंवा मराठवाड्यात जनुकीय बदल हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस कोरी पाटी नसतो. त्याच्या शेतात हे तंत्रज्ञान वीस वर्षांहून अधिक काळ आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला लागवडीची परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जीवाणूचे जनुक कापसात घातले गेले, आणि त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाने बोंडअळी मरत असे. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. सुरुवातीला बोंडअळीवरची फवारणी घटली, हे शेतकरी स्वतः सांगतात. पुढे गुलाबी बोंडअळी या प्रथिनांना दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले. कारणे अनेक होती. साडेचारशे ग्रॅमच्या बीटी बियाण्यासोबत एकशेवीस ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट दिले जाई. त्याची कडेला लागवड केली तर प्रतिकार नसलेल्या अळ्या टिकतात आणि प्रतिकारक्षमता पसरण्याचा वेग कमी होतो. पण लहान शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा भाग अळीसाठी का सोडावा, हे त्याला पटेल असे कोणी समजावले नाही, आणि ते पाकीट अनेकदा बांधावरच राहिले. शिवाय दीर्घ मुदतीचे वाण आणि फरदड घेण्याची, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही तेच पीक शेतात राखण्याची पद्धत, यांमुळे अळीला हंगामानंतरही खाद्य मिळत राहिले.

मी हे इतक्या तपशिलाने लिहिते आहे, कारण यातील प्रत्येक गोष्ट तुमच्या प्रकल्पाला लागू पडते. तंत्र प्रयोगशाळेत चालले, तरी ते वापरण्याचे नियम वापरणाऱ्याच्या परिस्थितीला धरून नव्हते. तेव्हा, आमचे काम बंद प्रयोगशाळेतील जीवाणूंवर आहे आणि बीटीशी त्याचा संबंध नाही, असे म्हणून विषय टाळू नका. फरक जरूर सांगा, पण आधी ऐका. शेतकरी विचारतील ते प्रश्न बहुधा असे असतात : दरवर्षी विकत घ्यावे लागेल का, मालकी कोणाची, बिघडले तर भरपाई कोण देणार. या प्रश्नांना जीवशास्त्रात उत्तर नाही, म्हणून ते विषयाबाहेरचे ठरत नाहीत. तुमच्याकडे उत्तर नसेल तर नाही असे सांगा, ते लिहून घ्या आणि नंतर उत्तर घेऊन परत जा. जाण्याआधी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा तुमच्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांच्या तज्ज्ञांशी बोला.

सगळे शेतकरी एकाच मताचे असतील, असेही धरून चालू नका. बीटी वांग्याच्या प्रश्नावर केंद्र सरकारने २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूर होते; त्यानंतर फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वांग्याला स्थगिती मिळाली. याउलट जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशकसहिष्णू (तणनाशक फवारले तरी न मरणाऱ्या) कापसाचे बियाणे उघडपणे पेरून आंदोलन केले, कारण त्यांना ते तंत्र हवे होते. दोन्ही बाजूंना आपापली ठोस कारणे आहेत. अज्ञानामुळे विरोध होतो आणि माहिती दिली की तो मावळतो, ही कल्पना विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढून टाकणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम आहे, असे मी मानते.

शहरातील प्रौढांशी बोलताना इन्सुलिनचे उदाहरण घ्या. ते अनेक घरांच्या फ्रिजमध्ये असते. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून तयार करून घेण्यात यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी ते गायीगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टच्या साहाय्याने कावीळ ब वरची लस भारतात तयार केली, हेही सांगा. फक्त या यशकथा टीकेला उत्तर म्हणून पुढे करू नका. औषधाच्या कारखान्यातील बंद टाकी आणि उघडे शेत यांत जोखमीचा फरक आहे, हे श्रोत्यांना कळते.

नोंदींबाबत काटेकोर राहा. प्रश्नावली भरून घेणे हेही संशोधन आहे, म्हणून ती सुरू करण्याआधी संस्थेच्या नीतिविषयक समितीकडे जा. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची लेखी संमती घ्या, नावे नोंदवू नका, आणि चेहरे दिसणारी छायाचित्रे शाळेच्या व पालकांच्या परवानगीशिवाय वापरू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुख्याध्यापकांबरोबर गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही पत्र द्या. मूल्यमापनासाठी, कार्यक्रम आवडला का, हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर नेहमी होच येते. त्याऐवजी तीन आठवड्यांनी शिक्षकांमार्फत मुलांना एक नवी परिस्थिती द्या आणि त्यावर त्यांनी विचारलेले प्रश्न गोळा करा. आधीच्या आणि नंतरच्या प्रश्नांची तुलना केली की काय पोहोचले ते दिसते. त्याच वहीत आणखी एक रकाना ठेवा : या भेटीनंतर आमच्या प्रकल्पात काय बदलले. तो रकाना सलग रिकामा राहू लागला तर पुढच्या भेटी थांबवून संघाने एकत्र बसावे.

वेळापत्रक आत्ताच आखा. शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, ऑक्टोबरमध्ये प्रथम सत्राची परीक्षा आणि मग दिवाळीची सुट्टी येते, आणि स्पर्धेसाठीचे तुमचे सगळे लेखन साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्ण करावे लागते. म्हणजे शाळांसाठी जुलै, ऑगस्ट आणि गणेशोत्सव वगळून सप्टेंबरचा थोडा भाग, एवढाच काळ मिळतो. शिक्षकांच्या भेटी आणि पुस्तिकेचा पहिला मसुदा मे महिन्यात व्हायला हवा. शेतकऱ्यांकडे पेरणीच्या दिवसांत जाऊ नका. खरीप पेरणी आटोपल्यावर, गावातल्या कोणाला तरी आधी विचारून, संध्याकाळची वेळ घ्या. संघातील दोन जण केवळ याच कामासाठी ठेवा आणि त्यांच्यापैकी एक दुसऱ्या वर्षाचा असू द्या, कारण पुढच्या वर्षी त्याच शाळांत त्याला परत जायचे आहे.